जातो म्हणायचं नसतं

"हवालदार, ही माणसं वांगं वांगं काय वरडत्यात?"

लांसनायक दगडू खोचरेनं ट्रकच्या फळीवरून वाकून विचारलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं दाटली होती. बायका ओंजळीनं फुलं उधळत होत्या, म्हातारे हात जोडत होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गजर होता, "वांगो! वांगो!" दगडूच्या गळ्यात हार पडला होता आणि मांडीवर कुणीतरी केळ्यांची फणी आणून ठेवली होती.

मला अर्थ ठाऊक होता. बोटीवर मद्रासकडच्या एका सिग्नलवाल्यानं चार शब्द शिकवले होते. वांगो म्हणजे 'या', पोंगो म्हणजे 'जा'. पण खरं उत्तर हाताशी आहे म्हणून लगेच देऊन टाकावं, हे माझ्या स्वभावात नाही. पाटण खोऱ्यात आमच्या मोकाशांच्या घराला लोक थापाड्यांचं घर म्हणतात, आणि ते नाव टिकवायची जबाबदारी माझ्या पिढीत माझ्यावर होती.

"वांग्याचाच मुलूख आहे हा, दगडू," मी म्हणालो. "पाव्हण्याला वांगं दिल्याबिगर यांना चैन पडत नाही. विचारतायत, घेणार का?"

"मग घेऊ की!"

"असं चालत्या गाडीतून नाही. रीत आहे. दारात उभं राहायचं, छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, वांगो."

सत्त्याऐंशी सालचा जुलै नुकता सरला होता. जागा श्रीलंकेच्या उत्तर टोकाची, जाफन्याकडची. तिथलं सरकार आणि तिथली तमिळ पोरं काही वर्षं एकमेकांवर तुटून पडली होती. दिल्लीनं मध्ये पडून समेट घडवला. पोरांनी बंदुका खाली ठेवायच्या, सरकारी फौजेनं बराकीत बसायचं आणि दोघांच्या मधे उभं राहायला आमची पलटण समुद्र ओलांडून आलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू खरोखर गेला. आमच्या तंबूंसमोर ताडाच्या झापांचं कुंपण असलेलं एक कौलारू घर होतं. तो फाटकात उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि पलटणीच्या आवाजात ओरडला, "वांगो!"

आतून साठीची एक बाई बाहेर आली. तिच्याच दारात उभा राहून हातात बंदूक घेतलेला एक परका शिपाई तिलाच 'या, या' म्हणतोय! ती खांबाला धरून उभी राहिली. दगडूला वाटलं, बाईला ऐकू कमी येतं. त्यानं आणखी मोठ्यानं वांगो म्हटलं, हातानं देठ दाखवला, पोट दाखवलं, खायची खूण केली. बाई रडकुंडीला आली. मी तंबूच्या आडून बघत होतो आणि हसून हसून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या.

तेवढ्यात आतून लुंगी सावरत एक म्हातारा आला.

"काय पायजे रे तुमाला? माझा बायको घाबरला ना!"

मराठी! समुद्रापलीकडं, ताडाच्या कुंपणाआड, मोडकीतोडकी का होईना, मराठी! मी हसायचं विसरून धावत गेलो.

म्हाताऱ्याचं नाव कनकसभै. तरुणपणी चौदा वर्षं माटुंग्याच्या एका खाणावळीत गल्ल्यावर बसलेला. मराठीतली लिंगं तेवढी त्याच्या हाती कधी लागली नव्हती, बाकी सगळं होतं. मी सगळा घोळ सांगितला. त्यानं तो बायकोला सांगितला. बाई आधी दगडूकडं बघत राहिली, मग माझ्याकडं, आणि मग जी हसत सुटली ती पायरीवर बसेपर्यंत. दुपारी त्या घरातून खरोखर वांग्याची भाजी आली. नारळाचं दूध घातलेली, तिखट. तेव्हापासून त्या बाई आमच्या अम्मा, म्हातारा अय्या, आणि मी त्या घरात 'वांगो तंबी', म्हणजे वांगोवाला धाकटा भाऊ.

गावात मला ही गोष्ट अजून सांगायला लावतात. मी ती इथंच संपवतो. लोक पोट धरून हसतात आणि घरी जातात.

पुढची आज लिहितो.

त्या पहिल्याच दिवशी जेवून उठलो. उंबऱ्यावर येऊन सवयीनं म्हणालो, "येतो, अम्मा."

अय्या थबकले. "तू पण येतो बोलतो? जातो नाही?"

"जातो कसं म्हणायचं? आमच्याकडं घरातून निघणारा माणूस जातो म्हणाला तर आई पाठीत धपाटा घालते."

"आमच्यात पण तसाच!" अय्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "आम्ही बोलतो, पोट्टु वारन. जाऊन येतो. आणि घरचा माणूस बोलतो, पोट्टु वांगो. जाऊन या. नुस्ता 'पो' दारात कोण बोलत नाही. माझा बायको तर मांजराला पण बोलत नाही."

अम्मांनी मान डोलावली आणि मला म्हणाल्या, "पोट्टु वांगो."

त्या पंधरवड्यात आम्ही रोज कुणी ना कुणी त्या ओसरीवर असायचो. एका संध्याकाळी अय्यांनी विचारलं, "मोकाशी, एक सांग. तुम्ही लोक आला कशाला?"

"साहेब सांगतात शांतता राखायला."

"ते रेडिओवर ऐकला. खरा सांग."

दगडू म्हणाला, "आपल्याकडच्या मद्राशी लोकांना वाईट वाटू नये म्हणून." आमच्यातला एकजण म्हणाला, "इथलं बंदर दुसऱ्या कोण्या बड्या देशाच्या घशात जाऊ नये म्हणून." तिसरा म्हणाला, "हुकूम आला म्हणून." अम्मांनी काय चाललंय ते विचारलं आणि अय्यांनी सांगितल्यावर त्या एवढंच बोलल्या.

"ती बोलते," अय्या म्हणाले, "माझा मुलगा घरी यावा म्हणून आले. अजून काय पायजे?"

निमलन त्यांचा एकुलता एक. बाविशीचा. तीन वर्षांपूर्वी कॉलेजातून परस्पर जंगलात गेलेला, बंदूकवाल्या पोरांत. तीन वर्षं अम्मा दुपारी एक ताट वाढून झाकून ठेवत आल्या होत्या.

आणि तो आला. समेट झाला, बंदुका जमा व्हायला लागल्या, आणि एका दुपारी जुन्या सायकलवरून तो फाटकात उतरला. काटकुळा, हनुवटीवर जखमेचा व्रण. अम्मांनी त्याला न बोलता आत नेलं आणि झाकलेलं ताट उघडलं. आम्ही ओसरीवरून उठायला लागलो तर त्यांनी हातानं बसवलं. जणू पोराला आम्हीच खांद्यावरून आणलं होतं.

निमलन आमच्याशी बोलत नसे. चार दिवसांनी एकदा समोर बसला आणि बापाकरवी विचारलं, "आला कशाला?"

माझ्या अंगात मोकाशी संचारला.

"आता खरं कारण सांगतो, पण बाहेर फुटता कामा नये," मी म्हणालो. "दिल्लीत एक फार मोठा माणूस झोपतो. इतका लांब की उशी हिमालयात आणि पाय कन्याकुमारीच्या पुढं समुद्रावर लोंबकळतात. इकडं तुम्ही लोकांनी बार काढायला सुरुवात केली आणि त्याच्या तळव्यांना चटके बसायला लागले. झोपेना बिचारा. म्हणून आम्हाला धाडलंय. आम्ही काही लढाईबिढाईला नाही आलो, त्याच्या पायांवर पांघरूण घालायला आलोय."

अय्यांनी तमिळमध्ये सांगितलं. निमलननं ऐकून घेतलं आणि दोन शब्द बोलला.

"तो बोलतो," अय्या म्हणाले, "मग त्यांनी पाय जवळ घ्यावा ना!"

सगळे हसलो. निमलनही हसला. मुलगा हसला म्हणून अम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी अय्यांच्या दंडाला धरून मला काहीतरी विचारायला लावलं.

"ती विचारते, तुम्ही किती दिवस राहणार? तुम्ही गेला आणि परत सुरू झाला तर?"

मी जागेवरून उठलो, छातीवर हात ठेवला, अगदी दगडूनं ठेवला होता तसा. "अम्मांना सांगा, निमलनच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत मोकाशी इथून हलत नाही. आम्ही आहोत तोवर त्याच्या केसाला धक्का नाही. लग्नातल्या वांग्याच्या भाजीचा ठेका दगडूकडं."

दगडू हसला. निमलन हसला. अय्या सांगताना हसले नाहीत. त्यांनी शब्दन् शब्द नीट, सावकाश सांगितला, आणि अम्मांनी पुढं येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. थाप मारणाऱ्याच्या डोक्यावर कुणी हात ठेवला की काय करायचं, ते मला माझ्या घरात कुणी शिकवलं नव्हतं.

ऑक्टोबर लागला आणि सगळं फिसकटलं. कुणी किती बंदुका दिल्या, कुणी लपवल्या, कुणी कुणाला फसवलं, ते मोठ्यांचं मोठ्यांना ठाऊक. आम्हाला एवढं कळलं की ज्या पोरांना वाचवायला आलो, त्यांच्याशीच आता लढायचं आहे. निमलन आदल्याच दिवशी नाहीसा झाला होता. आमची माणसं पडली, त्यांची पडली, ज्यांचा कशाशी संबंध नव्हता अशी त्याहून जास्त पडली. ते मी लिहिणार नाही. त्यात थाप घालता येत नाही आणि थापेशिवाय मला ते पेलत नाही.

लढाई पुढं सरकली आणि आम्हाला त्याच गल्लीत ठाणं करायचा हुकूम आला. मेजरसाहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. तिठ्यावरचं घर. तिन्ही रस्ते दिसतात.

ते अय्यांचं घर होतं.

ताडाचं कुंपण आम्ही तोडलं, कारण त्यापलीकडचं दिसत नव्हतं. ओसरीवर वाळूच्या गोण्या रचल्या. ज्या पायरीवर अम्मा हसत बसल्या होत्या, तिच्यावर दगडूनं मशीनगन लावली. अय्या आणि अम्मांना मागच्या स्वयंपाकघरात राहायला सांगितलं. सांगितलं म्हणजे मीच सांगितलं, भाषेची ओळख होती म्हणून. आम्ही फाटकातून आत शिरत होतो तेव्हा अम्मा दारात उभ्या होत्या. वांगो म्हणाल्या नाहीत. बाजूला झाल्या.

दुपारचं झाकलेलं ताट मात्र सुरूच होतं. मागच्या पडवीत, खिडकीतून दिसेल असं.

आठवड्यानं अय्या माझ्याकडं आले. "ती बोलते, तुम्ही रस्त्याच्या पलीकडच्या घरात जा. तो घर रिकामा आहे. पाणी देतो, जेवण देतो. फक्त इथून हला. तुम्ही ओसरीवर बसला तर तो येणार कसा?"

मी साहेबांकडं गेलो. खोटं नाही सांगत, उभ्या आयुष्यात केली नाही एवढी आर्जवं केली. पलीकडचं घर उंच आहे, हवा चांगली आहे, विहीर जवळ आहे.

"मोकाशी," साहेब म्हणाले, "तिथून दोन रस्ते दिसतात. इथून तीन."

परत आलो. अम्मा पडवीत उभ्या होत्या. मी म्हणालो, "पुढच्या हप्त्यात."

अय्यांनी सांगितलं. अम्मांनी मान हलवली. पुढच्या हप्त्यात त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हणालो. त्यांनी किती वेळा विचारलं ते मोजलं नाही. माझ्या थापांना आजवर लोक हसत आले होते. ही थाप मात्र कुणीतरी न हसता, विश्वास ठेवून ऐकत होतं.

एकदा अय्या गोणीवर टेकले आणि आपणहोऊन बोलायला लागले. "माटुंग्याला आमच्या खाणावळीत दोन गिऱ्हाईक भांडला की मालक धावत जायचा. मला वाटायचा, काय चांगला माणूस! मग समजला. त्याला त्यांची काळजी नव्हता. माझ्या हॉटेलात मला न विचारता भांडतात कसा, असा त्याचा राग. लोक बघतो ना! मग मधे पडायचा. दोघं मिळून त्याला मारायचा. मग तो दोघांना मारायचा. आणि टेबल कुणाचा तुटायचा, मोकाशी?"

"मालकाचं?"

"मालक टेबलचे पैसे आमच्या पगारातून कापायचा," अय्या म्हणाले आणि उठून आत गेले.

डिसेंबरातली दुपार होती. ऊन होतं. दगडू मशीनगनमागं बसला होता, मी खांबाला टेकून. गल्लीतून एक भाजीवाला सायकल ढकलत आला. मागं टोपली, टोपलीत वांगी. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, लुंगी वर खोचलेली. फाटकापाशी थांबला. त्यानं मान वर केली तेव्हा मला हनुवटीवरचा व्रण दिसला.

दगडूलाही दिसला असणार. त्याच्या हाताखाली काडतुसांच्या पट्ट्याची कडी वाजली.

मागं स्वयंपाकघराच्या खिडकीत बांगडी किणकिणली. मी वळून बघितलं. अम्मा गज धरून उभ्या होत्या. झाकलेलं ताट त्यांच्या कोपराशी होतं. त्यांच्या ओठांची हालचाल सुरू झाली होती, तो शब्द ओठांवर आला होता. वांगो. दोन महिने जपून ठेवलेला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली, माझ्यावरून दगडूवर, दगडूवरून नळीवर.

"पो!" अम्मा ओरडल्या.

पोरगा हलला नाही.

"पो! पो!" त्यांचा आवाज चिरकला. दारात आलेल्या भिकाऱ्यालाही कुणी असं हाकलणार नाही. त्यांनी खिडकीतून हातानं हुसकावलं, कोंबडीला हुसकावतात तसं. "पो!"

निमलननं आईकडं एकदा बघितलं आणि सायकल वळवली.

"हवालदार," दगडू नळीवरून नजर न काढता म्हणाला, "भाजीवाला हाय. थांबवू? टोपली तपासायची ऑर्डर हाय."

"राहू दे. वांगी किडकी दिसतायत."

दगडूनं पट्ट्यावरून हात काढला. म्हणाला, "किडकीच असणार."

सायकल तिठ्यावरून वळली. एवढं आम्ही केलं. त्याला धरलं नाही. मागं वळून तो विचार मनाशी गोंजारून बघितला मी पुष्कळदा, की बाबा, आपण जाऊ दिलं त्याला. पण जाऊ देणारे आम्ही कोण होतो? तो घरी आला होता.

पडवीतलं ताट त्या दिवसापासून दिसलं नाही. पुढच्या हप्त्यात अम्मांनी मला काही विचारलं नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. निमलनचं पुढं काय झालं, ते अय्यांनी सांगितलं नाही. माझी विचारायची छाती झाली नाही.

मार्चमध्ये आमच्या बदलीचा हुकूम आला. सामान ट्रकमध्ये चढलं. दगडूनं पायरीवरची वाळू झाडून काढली, कुणी सांगितलं नसताना. सगळे गाडीत बसले आणि मी मागं पडवीत गेलो.

अम्मा तांदूळ निवडत होत्या. अय्या शेजारी बसले होते. मी उभा राहिलो. सवयीचा शब्द जिभेवर आला. 'येतो.' आणि त्याच क्षणी ऐकू आलं, तो शब्द या दारात कसा वाजेल ते. निरोप नव्हता तो, धमकी होती. मी तो गिळला. दुसरा शब्द आयुष्यात कुणाच्या उंबऱ्यावर उच्चारला नव्हता. आईनं पाठीत धपाटा घातला असता.

"जातो, अम्मा," मी म्हणालो.

अय्यांनी मान वर केली. त्यांना तो शब्द कळला. त्यांनी तो अम्मांना सांगितला. अम्मांचा हात सुपात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पहिल्या दिवशी फाटकातल्या दगडूकडं बघितलं होतं तसं, हा माणूस नेमकं काय म्हणतोय ते कळत नसल्यासारखं. मग हळू आवाजात काहीतरी विचारलं.

अय्यांनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"ती विचारते," अय्या म्हणाले, "ही पण थाप तर नाही?"

मोडक्या कुंपणातून गल्लीचं तोंड दिसत होतं. आमच्या ट्रकच्या मागं, इंजिन चालू ठेवून, आमच्या जागी येणाऱ्या पलटणीचा ट्रक उभा होता. ओसरीवरच्या गोण्या आम्ही त्यांच्यासाठी तशाच ठेवल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो. "खरंच जातो."

पळत जाऊन गाडीत चढलो. गाडी हलली. रस्त्याच्या कडेला कुणी उभं नव्हतं. तिठा मागं पडल्यावर दगडूनं विचारलं, "हवालदार, म्हातारी काय म्हणाली?"

बाकावरचे सगळे माझ्याकडं बघत होते. घरी निघालेली माणसं. त्यांना काहीतरी घेऊन जायचं होतं.

"पोट्टु वांगो म्हणाली," मी सांगितलं. "पुन्हा या."

"भली बाई," दगडू म्हणाला आणि त्यानं दुसरीकडं तोंड फिरवलं.